जुन्या घराची दगडी भिंत उघडी ठेवायची आहे, सुरुवात कुठून करू?

जुनंघर:
घर आजोबांनी बांधलेलं. बैठकीच्या खोलीत जमिनीपासून दोन-अडीच फुटांपर्यंत गिलावा फुगून पांढरी भुकटी गळायची. मागच्या आठवड्यात तो खरवडला तर आत घडीव दगड निघाला. टाकीचे घाव अजून ताजे वाटतात. एका दगडावर ते डावीकडे कललेले, शेजारच्यावर उजवीकडे. बहुधा दोन हात असावेत. त्या घावांवरून बोट फिरवलं आणि पुन्हा गिलावा चढवायचं मनच होईना.

कंत्राटदार म्हणतो, दगडांमधल्या दरजा, म्हणजे सांधे, सिमेंटने भरू आणि वर चकचकीत वॉर्निश मारू. मधल्या दाराचा दगडी उंबरठा मधोमध बोटभर झिजलाय, तो काढून पॉलिशचा ग्रॅनाइट बसवायचं त्याच्या मनात आहे. फरशीला पांढरा संगमरवर मला फार आवडतो, पण आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, तिच्या पायांची काळजी वाटते. घर देखणं व्हावं, पण आईला ते आपलंच वाटलं पाहिजे.

ओळंबा:
ताई, वॉर्निश आणि सिमेंट दोन्ही नको. ती पांढरी भुकटी म्हणजे लोणा. जमिनीतली ओल भिंतीत वर चढते, सोबत क्षार आणते, पाणी उडून गेलं की क्षारांचे खडे मागे राहतात. चुन्याच्या दरजेतून ओल बाहेर पडते. दरज सिमेंटची असली की ती वाट बंद होते, मग पाणी दगडातूनच बाहेर येतं आणि क्षार दगडाच्या पापुद्र्याखाली साचून तो उडवतात. माझ्या घरी दहा वर्षांपूर्वी हेच झालं. दरजा शाबूत राहिल्या आणि दगडांचे चेहरे गळून पडले. आजही त्या भिंतीकडे बघवत नाही.

आधी घराबाहेर जाऊन बघा. अंगणात वर्षानुवर्षं भर पडून जमीन जोत्याच्या वर आली आहे का? पन्हाळीचं पाणी भिंतीच्या पायाशी पडतंय का? ते निस्तरल्याशिवाय आत हात लावू नका. मग भिंत काही महिने नुसती सुकू द्या. लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, धुवायचा नाही. धुतलात तर तो विरघळून पुन्हा आत जातो.

जुन्या दरजा छिन्नीने हलक्या हाताने उकरा, ग्राइंडर लावू देऊ नका, एका झटक्यात दगडाच्या कडा जातात. खोली दरजेच्या रुंदीच्या साधारण दुप्पट. चुना एक भाग, वाळू अडीच ते तीन भाग. भरल्यावर ओलं गोणपाट लावून सावलीत ठेवा. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगड होतो, त्याला घाई चालत नाही. कंत्राटदार वेळेवरून कुरकुर करेल, करू द्या.

शिरा:
भिंतीचं वर सगळं आलंय. मी फरशीवर बोलते, मी शिल्पकाम करते आणि दगड हा माझा जिवाभावाचा विषय.

संगमरवर म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आम्ल त्याला खातं. नमुन्यावर लिंबाच्या रसाचे दोन थेंब टाकून पाच मिनिटांनी पुसा. चकाकी गेलेला डाग दिसेल, आणि तो पुसून जाणारा नसतो. म्हणून स्वयंपाकघरात संगमरवर नको. बैठकीत जरूर घ्या, पण आरशासारखा नको, मॅट घोटलेला घ्या. न्हाणीघरात आणि बाहेरच्या पायऱ्यांवर खरखरीत पृष्ठभागाचा ग्रॅनाइट. नमुना ओला करून त्यावर स्वतः अनवाणी उभ्या राहा, मगच ठरवा. वरच्या मजल्यावर लाकडी तुळया असतील तर वजन तपासून घ्या. 20 मिमी जाडीचा ग्रॅनाइट चौरस मीटरला 54 किलोच्या आसपास भरतो.

फरशी पक्की करण्याआधी सगळे तुकडे कोरडेच मांडा, दिवसाच्या उजेडात. शिरा कुठून कुठे वाहतात ते बघत तुकडे फिरवा, बदला, मग खडूने आकडे घाला. हे काम कारागिरावर सोडू नका, एक अख्खा दिवस स्वतः द्या. खोलीचं रूप तिथेच ठरतं.

उंबरठ्याला मात्र हात लावू नका, विनंती आहे. अमेरिकन वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइट यांच्या फॉलिंगवॉटर या घरात चुलाण्यापाशी मूळ खडक जमिनीतून तसाच वर आलेला आहे. भोवतालच्या दगडी फरशीला मेण लावलंय, त्या खडकाला नाही. फरशी वाहत्या पाण्यासारखी चमकते आणि खडक त्यातून कोरडा वर आल्यासारखा दिसतो. तुमच्याकडे तो खडक म्हणजे तुमचा उंबरठा.

पायरी:
उंबरठा ठेवा, पण नवी फरशी त्याच्या उंचीशी नीट जुळवा. अर्धा इंच फरक पटकन दिसत नाही, आणि वय झालेलं माणूस तिथेच ठेचकाळतं. शेजारी हाताला धरायला काहीतरी द्या.

जुनंघर:
काल बाहेर खणून बघितलं. जोतं जवळजवळ वीतभर मातीखाली गेलंय! भर काढायला आजच सुरुवात केली. वॉर्निश रद्द, ग्राइंडरही रद्द.

रात्री दिवा भिंतीला अगदी लागून ठेवला. उजेड बाजूने पडल्यावर एकेक घाव उठून आला. आईला बोलावलं. ती बराच वेळ बघत उभी राहिली, मग नेहमीसारखी उंबरठ्यावर बसली, बरोबर त्या झिजलेल्या जागी. कंत्राटदाराला आज ग्रॅनाइट नको म्हणून कळवलंय.