प्रतिसाद: वकील सरकारी झाला की संपला?

वर कुणीतरी म्हटलंय की सरकारी पद घेतलं की वकिलाने अभिव्यक्तीस्वातंत्र्याच्या गप्पा मारू नयेत. मला नाही पटलं. ज्येष्ठ वकील सोली सोराबजींचंच बघा ना. अ‍ॅटर्नी जनरल (केंद्र सरकारचे मुख्य वकील) दोनदा झाले, सरकारची बाजू मांडली, सगळं खरं. पण त्याआधी आणीबाणीत राजकारणी आणि संपादक मिनू मसानींच्या 'फ्रीडम फर्स्ट' मासिकातल्या मजकुरावर सेन्सॉरने फुली मारली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयात मसानींच्या बाजूने उभे राहिले तेच. भलेभले वकील तेव्हा मूग गिळून बसले होते. 1976 च्या फेब्रुवारीत खंडपीठाने मसानींच्या बाजूच्या निकालाविरुद्धचं सेन्सॉरचं अपील फेटाळलं. आणीबाणी चालू असताना, हे विसरू नका!

आणि पालघर आठवतंय? नोव्हेंबर 2012, बाळासाहेबांच्या निधनानंतरचा बंद. एका मुलीने फेसबुकवर बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, दुसरीने नुसतं लाइक केलं. दोघींना अटक. लाइक केलं म्हणून! त्यातूनच माहिती तंत्रज्ञान कायद्यातल्या, ऑनलाइन मजकुरासाठी अटक करू देणाऱ्या 66अ कलमाला आव्हान देणारी श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीची याचिका आली. तिच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयात परत सोराबजीच, ऐंशी कधीच ओलांडलेली. कलमातले 'त्रासदायक', 'गैरसोयीचं' हे शब्द इतके मोघम की कुणालाही अडकवता यावं. 24 मार्च 2015 ला अख्खं कलमच रद्द झालं.



तरी नंतरही काही ठाण्यांत त्याच मेलेल्या कलमाखाली गुन्हे नोंदवले जात होते. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर कान उपटले.