स्वयंपाकघर राखाडी-पांढऱ्यात करायचंय: छटा, टाइल, ओटा, दिवे सुचवा

कोनाडा
एल आकाराचं स्वयंपाकघर आहे. एक भिंत ३ मीटर, दुसरी २.४ मीटर. खालची कपाटं राखाडी आणि वरची पांढरी, एवढंच पक्कं झालंय. जमिनीची फरशी बदलायची नाही. ती फिकट बदामी, बारीक ठिपक्यांची आहे. खिडकी एकच, सिंकच्या वर, आणि तिच्यातून थेट ऊन येत नाही. कपाटांचे सांगाडे दणकट आहेत, शटर लाकडी असून त्यांवर जुना ऑइलपेंट आहे.

प्रश्न असे: राखाडीची कोणती छटा घ्यावी? ओट्यामागे पांढऱ्या टाइल्स लावल्या तर सांधे कोणत्या रंगाचे भरावेत? ओट्याला पांढरा संगमरवर चालेल का? शटर बदलावीत की रंगवावीत?

झाकपारखी
फरशी बदलायची नाही म्हणजे राखाडीची निवड निम्मी झालीच आहे. बदामी फरशीशेजारी निळसर झाकेचा राखाडी ठेवला की दोन्ही बिघडतात: राखाडी सरळ निळा दिसायला लागतो आणि फरशी पिवळट, न पुसल्यासारखी. तुम्हाला किंचित तपकिरी झाकेचा, उबदार राखाडी लागेल. त्यात खिडकीतून ऊन येत नाही, म्हणजे दिवसभर आत येतो तो आभाळाचा निळसर उजेड. तो कुठल्याही राखाडीला आणखी थंड करतो. शेडकार्डावर थोडा जास्तच उबदार वाटणारा रंग तुमच्या घरात बेताचा दिसेल.

झाक ओळखायची कशी? शेडकार्डाची पट्टी कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवा आणि त्याच पट्टीतली सर्वांत गडद छटा बघा. फिकट छटेत लपलेली निळी, हिरवी, जांभळी किंवा तपकिरी झाक तिथे उघडी पडते. शेजारी आणखी दोन-तीन राखाडी ठेवले तर फरक लगेच कळतो.

नमुना भिंतीवर रंगवू नका, आजूबाजूचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. साधारण अर्धा मीटरचा जाड पुठ्ठा घ्या, त्यावर दोन हात द्या, वाळला की कपाटाच्या जागी फरशीला टेकवून उभा करा. आडवा ठेवलेला पुठ्ठा जास्त उजेड घेतो, म्हणून उभाच हवा. सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून, तिन्ही वेळा बघा.

गडदपणासाठी डब्यावर किंवा शेडकार्डाच्या मागे एलआरव्ही हा आकडा शोधा. रंग किती उजेड परत फेकतो ते तो सांगतो: ० म्हणजे काळा, १०० म्हणजे पांढरा. तुमच्या खोलीत खालच्या कपाटांना ३० ते ४५ आणि वरच्या पांढऱ्याला ८० च्या पुढे घ्या. १५ च्या खालचा कोळशासारखा राखाडी ओट्याच्या सावलीत काळाच दिसेल, मग राखाडी निवडण्यात अर्थ काय?

राखाडीपेक्षा पांढराच जास्त घोळ घालतो, आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. वरची शटर, टाइल, छत आणि भिंत असे चार पांढरे समोरासमोर येतात. निळसर पांढऱ्या टाइलशेजारी दुधी पांढरं शटर ठेवलं तर शटर नवं असूनही कळकट वाटतं. टाइल आधी आणा. तिच्यातला पांढरा बदलता येत नाही, रंगाचा बदलता येतो.

उजेडवाला
वरच्या सगळ्याला +१, पण पुठ्ठे बघायच्या आधी दिवे ठरवा. नाहीतर रात्रीचा नमुना ज्या दिव्यात बघितला तो दिवाच नंतर बदललेला असतो.

छताला आणि कपाटाखाली एकाच रंगतापमानाचे दिवे लावा. छताला ६५००, कपाटाखाली ३००० केल्विन असं झालं तर एकच पांढरी टाइल वर निळी आणि खाली पिवळी दिसते. या रंगांना ४००० केल्विन ठीक. सीआरआय, म्हणजे दिव्यात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा जास्त घ्या. हलक्या एलईडीत राखाडी कधी हिरवट, कधी मातकट दिसतो.

कपाटाखालची पट्टी भिंतीलगत नको, कपाटाच्या पुढच्या कडेला हवी, म्हणजे कामाच्या जागेवर उजेड पडतो आणि टाइलवर लखलख होत नाही. चकचकीत ओट्यात एलईडीचे ठिपके ओळीने उमटतात, म्हणून दुधी झाकणाचं ॲल्युमिनियम प्रोफाइल वापरा. मीटरला ९.६ वॅटची ५ मीटर पट्टी म्हणजे ४८ वॅट. पट्टीला वीज पुरवणारा ड्रायव्हर ५० चा घेऊ नका, ६० चा घ्या. ड्रायव्हर सतत काठोकाठ चालला की तापतो आणि लवकर जातो.

झाकपारखी
४००० बद्दल थोडा मतभेद. बदामी फरशी आणि उबदार राखाडी असेल तर ३५०० जास्त चांगलं बसतं. मिळालं नाही तर ४०००. २७०० मात्र नको, सगळा पांढरा पिवळा पडेल.

सांधेसूद
टाइलबद्दल. ओटा ते वरचं कपाट हे अंतर ६० सेंमी धरतो. लांबी ३ + २.४ = ५.४ मीटर, म्हणजे क्षेत्र ३.२४ चौ. मी. तुटफुटीसाठी १० टक्के जास्त धरून साधारण ३.६ चौ. मी. टाइल आणा, तिरक्या किंवा हेरिंगबोन नक्षीला १५ टक्के धरा. सगळी खोकी एकाच बॅच आणि शेड क्रमांकाची आहेत ना, ते दुकानातच वाचून घ्या. पांढऱ्यातसुद्धा दोन बॅचमध्ये फरक असतो आणि तो लावून झाल्यावरच डोळ्यांत भरतो.

७.५ × ३० सेंमीची टाइल घेतली तर कागदावर आठ ओळी म्हणजे बरोबर ६० सेंमी. पण २ मिमीच्या सांध्यांसकट त्या ६१ सेंमीच्या पुढे जातात. म्हणून कपाट त्याच हिशेबाने थोडं वर टांगा किंवा सर्वांत वरची ओळ कापा. कापलेली कड कपाटाखाली लपते. खालून कापलेली ओळ कायम नजरेसमोर राहते.

सांधे भरायचा मसाला, म्हणजे ग्राउट, फिकट राखाडी घ्या. पांढऱ्या सिमेंट ग्राउटचे सांधे शेगडीमागे तेल पिऊन पिवळे पडतात आणि ते पूर्ववत होत नाहीत. गडद राखाडीने प्रत्येक सांधा रेघ मारल्यासारखा उठून दिसतो. मिस्त्रीचा हात पक्का असेल तरच तो घ्या. शेगडी आणि सिंकमागे एपॉक्सी ग्राउट उत्तम, डाग शोषत नाही. पण ते थोडं थोडंच कालवायचं, कारण अर्ध्या-पाऊण तासात घट्ट होऊ लागतं. टाइलवर राहिलेला पातळ थर तेव्हाच पुसला नाही तर नंतर खरवडत बसावं लागतं. टाइल मॅट असेल तर गडद ग्राउटचा रंग तिच्या पृष्ठभागात अडकू शकतो. एका उरलेल्या टाइलवर आधी करून बघा.

ओटा आणि टाइल जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट भरू नका. दोन्ही वेगवेगळे हलतात, वर्षभरात भेग पडते आणि तिच्यातून पाणी मागे जातं. तिथे ग्राउटच्याच रंगाचं, बुरशीरोधक सिलिकॉन हवं. ओटा नैसर्गिक दगडाचा असेल तर न्यूट्रल क्युअर प्रकारचं घ्या; व्हिनेगरसारखा वास येणारं आम्लयुक्त सिलिकॉन दगडाला डाग पाडू शकतं.

दगडधोंडे
पांढरा संगमरवर ओट्याला नको. तो मुळात कॅल्साइट, आम्लाचा थेंब पडला की पॉलिश खातो आणि फिकट वण उठतो. सीलर लावला तरी वण थांबत नाहीत, सीलर फक्त डाग आत मुरायला उशीर लावतो.

राखाडी शिरा असलेला पांढरा क्वार्ट्झ चालेल. तो आम्लाला दाद देत नाही, पण त्यात दगडाची पूड रेझिनने बांधलेली असते. शेगडीवरून उतरवलेलं भांडं थेट ठेवलं तर रेझिन करपून पिवळा डाग पडतो, आणि तो घासून जात नाही. खाली काहीतरी ठेवायची सवय घरात सगळ्यांना लागणार नसेल तर ग्रॅनाइट बरा. फिकट ग्रॅनाइटवर मात्र पाण्याचा थेंब टाकून १५ मिनिटं थांबा. खालचा दगड गडद झाला तर सीलर लागेल. ‘पांढरा’ म्हणून विकल्या जाणाऱ्या ग्रॅनाइटमध्ये गुलाबी किंवा पिवळे कण असतात, म्हणून अख्खी लादी उभी करून बघा, हातभर तुकड्यावर जाऊ नका.

एल आकारात सांधा टळत नाही. तो सिंक किंवा शेगडीच्या खाचेजवळ येऊ देऊ नका. खाचांचे आतले कोपरे गोलसर कापायला सांगा, काटकोनातून तडा सुरू होतो. ओटा शटरच्या पुढे २ ते ३ सेंमी काढा आणि त्या कडेच्या खालच्या बाजूला ४-५ मिमीची खाच मारून घ्या. ओघळलेलं पाणी तिथेच तुटतं, रंगवलेल्या शटरवर उतरत नाही.

कोनाडा
क्वार्ट्झ ठरवतो. टाइलही सांगितल्याप्रमाणे. शटरचं कुणीतरी सांगा. वरच्यांना पांढरा ऑइलपेंट आणि खालच्यांना त्याच राखाडीचं लॅमिनेट, असा विचार होता.

तिसराहात
दोन्ही नको. पांढरा ऑइलपेंट कमी उजेडात पिवळा पडतो, आणि तुमच्याकडे ऊन नाहीच. पाण्यावर आधारित ॲक्रिलिक इनॅमल घ्या. पीयू (पॉलियुरेथेन रंग) फवारून घेणार असाल तर अ‍ॅलिफॅटिक प्रकारचं हवं, अ‍ॅरोमॅटिक पिवळं पडतं. आणि रंगाशी लॅमिनेट जुळवायला जाऊ नका. दिवसा एकसारखे दिसणारे दोन राखाडी रात्री दिव्यात वेगळे निघतात. शटर सरळ असतील, फुगलेली नसतील, तर सगळी रंगवा.

क्रम असा. शटर उतरवा आणि बिजागरीच्या खळग्यात क्रमांक लिहून वर टेप लावा. डिग्रीझरने दोनदा धुवा, मग साध्या पाण्याने. शेगडीजवळच्या शटरवर न दिसणारा तेलाचा थर असतो. तो राहिला की रंग गोल गोल फाटतो. घासायच्या आधी धुवायचं, उलट केलं तर पॉलिश पेपर तेच तेल लाकडात दाबतो. ऑइलपेंट फार जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. आधी चाचणी किटने तपासा आणि शिसं निघालं तर कोरडं घासूच नका.

मग १८० चा, नंतर २४० चा पेपर. चमक गेली की पुरे, लाकूड उघडं पाडायचं नाही. धूळ पुसून पकड देणारा प्रायमर. जिथे लाकूड उघडं पडलंय तिथे डाग रोखणारा शेलॅक प्रायमर, कारण पाण्याच्या प्रायमरमधून लाकडातलं टॅनिन हे तपकिरी द्रव्य वर येतं आणि पांढऱ्यावर तपकिरी ढग दिसतात. त्यानंतर बारीक फोमच्या रोलरने दोन पातळ हात, मध्ये ३२० चा पेपर हलकेच. जाड एक हात म्हणजे ओघळ आणि आत ओला राहिलेला रंग.

हाताला वाळला म्हणजे पक्का झाला नाही. पाण्याच्या इनॅमलला पूर्ण कडक व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तोपर्यंत शटर घट्ट मिटलं तर चौकटीला चिकटतं आणि उघडताना रंग सोलून येतो. शटर लावल्याबरोबर आतून छोटे पारदर्शक बंपर चिकटवा.

खालच्या राखाडीला पूर्ण मॅट घेऊ नका. गडद मॅटवर तेलकट बोटं उमटतात, आणि घासून पुसलं की तिथे चमकदार चट्टा पडतो. सॅटिन घ्या.

कोनाडा
हँडल आधी लावायची की नंतर? जुन्यांचं छिद्रांतर ९६ मिमी आहे, नवी १६० ची बघतोय.

तिसराहात
छिद्रं रंगाच्या आधी, हँडल सगळ्यात शेवटी. जुनी छिद्रं दोन घटकांच्या फिलरने भरा. साधी पुट्टी वाळून खाली बसते आणि रंगाखाली खळगा दिसतो. नवी छिद्रं पुठ्ठ्याचा साचा करून पाडा आणि मागे लाकडाचा तुकडा दाबून धरा, म्हणजे ड्रिल बाहेर पडताना कपची उडत नाही. भरलेल्या जागेवर प्रायमरचा एक जादा हात द्या.