होस्टेलच्या वायफायचं ट्रॅफिक पॉइसनमध्ये बसतच नाही, काय चुकतंय?

एमई_शेवटचं_सेम: नमस्कार मंडळी. प्रोजेक्टसाठी होस्टेलचं वायफाय ट्रॅफिक मोजतोय, रीतसर परवानगी घेतलीय आणि फक्त हेडर ठेवतो. स्विचच्या पोर्टवर टीसीपीडंप (पॅकेट नोंदवणारं सॉफ्टवेअर) लावून आठवडाभर पॅकेट पकडली, त्यावर पॉइसन मॉडेल (पॅकेट एकमेकांशी संबंध नसताना कधीही येतात असं धरणारं) बसवलं, तर सिम्युलेशनमध्ये बफर (पॅकेट थांबवून ठेवायची जागा) कधी भरतच नाही आणि इकडे रात्री १० नंतर धडाधड पॅकेट ड्रॉप होतात. १ सेकंदाऐवजी १० मग १०० सेकंदांची सरासरी घेतली तरी ग्राफ तसाच खडबडीत. मोजणंच चुकलं का?

जुना_पॅकेटवाला: अरे नाही, बरोबर मोजलंयस! बेलकोर या अमेरिकन टेलिफोन संशोधन कंपनीत १९८९ ते १९९२ दरम्यान इथरनेटवर हेच सापडलं होतं, लेलंड, टक्कू, विलिंजर आणि विल्सन यांचा पेपर आधी वाच. पॉइसन असतं तर खिडकी (सरासरीचा काळ) मोठी केली की ग्राफ गुळगुळीत व्हायला हवा. इथे होत नाही कारण कुणी दोन ओळींचा मेसेज पाठवतो आणि कुणी अख्खा पिक्चर उतरवतो, थोडी प्रचंड डाउनलोडंच सगळं ट्रॅफिक ओढत नेतात. व्हेरियन्स-टाइम प्लॉट काढ (खिडकी वाढवत नेली की चढउतार किती कमी होतो त्याचा ग्राफ), दोन्ही अक्ष लॉगमध्ये. उतार -१ आला तर पॉइसनसारखं, कमी तिरका आला तर उताराच्या निम्म्यात १ मिळव, तो हर्स्ट पॅरामीटर, ०.५ म्हणजे पॉइसनसारखं, १ च्या जितका जवळ तितका चढउतार लांबवर टिकतो. (हर्स्ट म्हणजे नाईलच्या पाण्याच्या नोंदी तपासणारा इंजिनिअर, फार सुंदर गोष्ट आहे ती.) फक्त आठवड्याचा डेटा एकत्र घालू नकोस, दिवसरात्रीच्या चढउताराने आकडा उगाच फुगतो, तासातासाचे तुकडे कर.

हवेतला_सिग्नल: वरचं पटलं, पण स्विचवर बसून हवेतलं काय दिसणार? रिट्राय (पुन्हा पाठवलेली पॅकेट), बीकन (राउटरची हजेरी), अ‍ॅक (मिळाल्याची पोच) तिथपर्यंत येतच नाहीत. मॉनिटर मोडचं (हवेतलं सगळं ऐकणारं) वायफाय कार्ड घे आणि बाइट्सऐवजी एअरटाइम, म्हणजे पॅकेट हवा किती वेळ अडवतं ते मोज. १५०० बाइट्सचं पॅकेट ५४ एमबीपीएसला पाव मिलिसेकंदाच्या आत जातं, तेच १ एमबीपीएसला १२ मिलिसेकंद हवा अडवतं, म्हणजे कोपऱ्यातल्या खोलीतला एकच लॅपटॉप सगळ्यांना रखडवतो. आणि हल्लीचे फोन मॅक अ‍ॅड्रेस (नेटवर्कवरची ओळख) बदलत राहतात, त्यामुळे युजर मोजताना जपून.

एमई_शेवटचं_सेम: खूप आभार दादा लोक! रात्री ९ ते १० चाच तुकडा घेतला, उतार -०.४ आला म्हणजे हर्स्ट ०.८, बघून अंगावर काटा आला. उद्या कार्ड तिसऱ्या मजल्याच्या जिन्यात लावतो, तिथूनच जास्त तक्रारी येतात. एकच कार्ड एका वेळी एकच चॅनल ऐकणार ना, की फिरवत ठेवू?

हवेतला_सिग्नल: फिरवू नकोस, मधली पॅकेट हुकतील आणि ती गॅप तुझ्या मॉडेलमध्ये घुसेल. त्या मजल्याच्या एपीचा (अ‍ॅक्सेस पॉइंट, वायफाय देणारा डबा) चॅनल धर आणि तिथेच थांब.