कबेलाज, सिडनी आणि कर्जाचे ओझे

अमेरिकेतील शिकार, मासेमारी आणि भटकंतीच्या साहित्याची मोठी दुकाने केवळ ऑनलाइन खरेदीमुळे अडचणीत आली, असे मत मांडले जाते; मला ते अपुरे वाटते. स्पोर्ट्स ऑथॉरिटी या क्रीडासाहित्याच्या दुकानांच्या साखळीने मार्च २०१६ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा तिच्यावर एक अब्ज डॉलरहून अधिक कर्ज होते आणि त्याचे मूळ २००६ मध्ये कर्ज काढून झालेल्या मालकीबदलात होते. असे कर्ज असले की व्याज फेडता फेडता दुकाने सुधारायला पैसा उरत नाही. पुढच्याच वर्षी गँडर माउंटन या शिकार-भटकंतीच्या साहित्याच्या दुकानसाखळीवरही दिवाळखोरीची वेळ आली.

याच धंद्यातील कबेलाज या कंपनीचे प्रकरण मात्र वेगळे आहे, कारण ती कंपनी नफ्यात होती. १९६१ मध्ये डिक कबेला यांनी घरातल्या स्वयंपाकघराच्या टेबलावरून हा व्यवसाय सुरू केला. टपालखर्चाचे २५ सेंट पाठवणाऱ्याला ते गळाला लावायच्या, हाताने बांधलेल्या पाच कृत्रिम माश्या मोफत धाडत आणि सोबत मालाची यादी जोडत. २०१५ मध्ये एलियट मॅनेजमेंट या गुंतवणूक संस्थेने तिचे सुमारे ११ टक्के समभाग घेऊन कंपनी विकण्यासाठी दबाव आणला, आणि २०१७ मध्ये बास प्रो शॉप्स या प्रतिस्पर्धी कंपनीने ती विकत घेतली.

याची खरी झळ अमेरिकेच्या नेब्रास्का राज्यातील सिडनी या गावाला बसली. जेमतेम सात हजार वस्तीच्या या गावात कंपनीचे मुख्यालय होते, तिथल्या सुमारे दोन हजार नोकऱ्या त्यावर अवलंबून होत्या, आणि त्यांतील बहुतेक गेल्या. समभागधारकांना चांगला भाव मिळाला, हे खरे. पण या विलीनीकरणाला यशस्वी म्हणताना सिडनीचा हिशेब वगळणे मला मान्य नाही.