पुण्यात नऱ्ह्याला राहतो, पहिलीला जवळची शाळा घ्यावी की पुलापलीकडची?

नऱ्ह्याची आई (प्रश्न):

नमस्कार. मुलगी येत्या जूनमध्ये पहिलीत जाईल आणि घरात महिनाभर एकच विषय चाललाय. एक शाळा घरापासून चालत १० मिनिटांवर आहे, स्टेट बोर्ड, सेमी इंग्लिश, इमारत साधी, मैदान म्हणजे पुढचं अंगण तेवढं, पण तिथल्या बाई मुलीशी खाली वाकून बोलल्या आणि दुसऱ्यांदा गेलो तेव्हा तिचं नाव त्यांच्या लक्षात होतं. दुसरी सिंहगड रोडला आनंदनगरच्या बाजूला, सीबीएसई, मोठं ग्राउंड, नणंदेची दोन्ही मुलं तिथेच आहेत त्यामुळे सासरच्या सगळ्यांचा कल तिकडे. अंतर ६ किलोमीटरच्या आसपास, पण मध्ये नवले पूल.

कात्रजच्या नव्या बोगद्यातून त्या पुलाकडे खाली येणारा हायवेचा उतार सगळ्यांना माहितीये, जड गाड्या न्यूट्रलवर सोडतात, ब्रेक लागत नाहीत, २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये किती गाड्या एकमेकांवर आदळल्या, मग परत २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये तेच, माणसं गेली. त्या दिवसापासून माझ्या पोटात गोळाच येतो.

मी स्वारगेटला नोकरी करते, ९ ला निघते. मिस्टर हिंजवडीला, त्यांची कंपनीची बस ७ ला. सासूबाई घरी असतात पण गुडघ्यांमुळे त्यांना रस्ता ओलांडणं होत नाही. नातेवाईक म्हणतात आत्ता भीतीपोटी जवळची घेतलीस तर पुढे पाचवीला चांगल्या शाळेत ॲडमिशन मिळणार नाही. ज्यांची मुलं बसने जातात आणि ज्यांची चालत जातात, दोघांनीही सांगा प्लीज.

धायरीचे बाबा:

ताई, माझा मुलगा तिसरीत, शाळा आनंदनगरच्याच भागात, बसने जातो. पहिलं म्हणजे बस कुठून जाते ते लेखी घ्या. नऱ्ह्यातून दोन वाटा आहेत, एक नवले पुलाखालून आणि एक धायरी फाट्यावरून सिंहगड रोडला. फोनवर सांगतात फाट्यावरूनच जातो, पण उशीर झाला की ड्रायव्हर जिकडे मोकळं दिसेल तिकडे वळवतो. मी पहिल्या महिन्यात तीन दिवस स्कूटरने बसच्या मागे गेलो तेव्हा कळलं. मोठे अपघात वरच्या हायवेवर होतात हे खरं, पण खाली सर्व्हिस रोडला राँग साइडने येणाऱ्या टू-व्हीलर आणि काँक्रीटचे मिक्सर यांचं काय, त्यामुळे पुलाखालून जाणारी बस म्हणजे सेफ असं धरू नका.

दुसरं म्हणजे वेळ. किलोमीटर बघू नका. आमचं अंतर साडेपाच किलोमीटर, मुलगा बसमध्ये ५० मिनिटं असतो कारण तो दुसऱ्या स्टॉपला चढतो आणि नंतर ११ स्टॉप आहेत. चौथीपर्यंतच्या शाळा ९ च्या आधी भरवू नका असा सरकारचा आदेश २०२४ मध्ये आला, मुलांच्या झोपेसाठी चांगलंच झालं, पण आता त्यांची बस बरोब्बर ऑफिसच्या गर्दीत असते. सिंहगड रोडचा विठ्ठलवाडी ते फन टाइम थिएटर उड्डाणपूल २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हा वाटलं सुटलो, पण स्टॉप सगळे खाली, बसला खालूनच जावं लागतं.

एवढं असूनही मला पस्तावा नाही, मुलगा रोज फुटबॉल खेळतो, आमच्या सोसायटीत पार्किंगशिवाय मोकळी जागाच नाही. पण तुमच्याकडे बस चुकली तर सोडायला कोण आहे? आमच्याकडे मी आहे, माझं दुकान घराखालीच आहे.

शिक्षिका, २२ वर्षं:

तुमच्या प्रश्नात सगळे रस्त्याबद्दल बोलतायत पण गेटच्या आतलंही बघा. बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्यावर २०२४ मध्ये शाळांना सीसीटीव्ही सक्तीचे झाले, मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती तर २०२२ पासून असायला हवी. ऑफिसमध्ये विचारा, समितीत कोण आहे, शेवटची मीटिंग कधी झाली. फाइल काढून दाखवणारी शाळा आणि "हो हो आहे ना" म्हणणारी शाळा यातला फरक तुम्हाला तिथेच कळेल. लहान मुलींच्या टॉयलेटजवळ मावशी असतात का, ते टॉयलेट वर्गापासून किती लांब आहे, स्वतः चालत जाऊन बघा.

आणि पाणी. २०२५ च्या जानेवारीत आपल्याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी, जीबीएसचे, म्हणजे हातपाय लुळे पडतात त्या नसांच्या आजाराचे, पेशंट निघाले, दूषित पाण्यामुळे. टँकरचं पाणी येतं का, टाकी कधी धुतली, हे विचारायला लाजू नका. मी आमच्या शाळेत विचारलं तेव्हा आधी सगळे माझ्याकडे बघत राहिले, नंतर टाकीवर तारीख लिहायला लागले.

मुलीला दुसऱ्या कुणाच्या ताब्यात देताना कार्ड बघतात का तेही बघा. सुटायच्या वेळी गेटबाहेर १५ मिनिटं उभं राहिलं की पुरे, माहितीपत्रक वाचायची गरज नाही.

माझं मत विचाराल तर सहा वर्षांच्या मुलीला रोज पावणेदोन तास प्रवास नको. अशी मुलं पहिल्या तासाला डोळे चोळत बसतात, मी रोज बघते. पाचवीला बदल करता येतो, जागा निघतात, दरवर्षी मुलं येतात-जातात.

कात्रजची ताई:

बस नाही म्हणून व्हॅन किंवा रिक्षा लावणार असाल तर थांबा. आमच्या मुलाची रिक्षा होती, शाळेचं नाव नको. काका स्वभावाने फार चांगले, पण तीन सीटच्या रिक्षात नऊ मुलं, दप्तरं बाहेर हुकाला लटकवलेली, दोघं पुढे काकांच्या दोन्ही बाजूंना. एकदा वळणावर पुढच्या मुलाची चप्पल रस्त्यावर पडली आणि तो ती उचलायला खाली वाकला, मी मागून गाडीवर होते, माझं काळीज थांबलं होतं. शाळेला सांगितलं तर म्हणाले ही पालकांची खासगी व्यवस्था, आमचा संबंध नाही. दुसऱ्या दिवशी रिक्षा बंद केली आणि चार पालकांनी मिळून पाळी लावली.

शाळेची बस असेल तर मात्र शाळेला हात झटकता येत नाहीत. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बसचे वेगळे नियम आहेत, प्रत्येक शाळेत परिवहन समिती हवी, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष, पालकांचा प्रतिनिधी हवा, बसमध्ये बाई सोबत हवी. बसचा नंबर घेऊन एमपरिवहन ॲपवर टाका, फिटनेस आणि इन्शुरन्स कधी संपतं ते दिसतं. मी हे आमच्या पालकांच्या ग्रुपवर टाकलं तर एका बसचं फिटनेस दोन महिने आधीच संपलेलं निघालं. ती बस आठवड्यात बदलली.

जुना नऱ्हेकर:

सगळे जवळच्या शाळेच्या बाजूने बोलतायत म्हणून लिहितो. आम्ही इथे गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हापासून आहोत, २०२१ ला महापालिकेत आलो, फुटपाथ मात्र अजून बऱ्याच ठिकाणी नाहीत. चालत १० मिनिटं हे ऐकायला छान वाटतं. सकाळी बांधकामांचे डंपर आणि मिक्सर त्याच रस्त्याने येतात, चिखल, उघडी चेंबरं, कडेला लावलेल्या गाड्यांमुळे मूल रस्त्याच्या मधूनच चालतं. सहा वर्षांचं मूल डंपरच्या ड्रायव्हरला केबिनमधून दिसतच नाही हो. बसमध्ये ते निदान लोखंडाच्या आत तरी असतं.

म्हणून शाळा कुठलीही घ्या, आधी तो रस्ता शाळेच्या वेळेला चालून बघा, रविवारी नाही, सोमवारी, आणि मुलीचा हात धरून. मोठ्या माणसाला जे सहज ओलांडता येतं ते तिला किती लांब वाटतं ते तेव्हा कळतं.

नऱ्ह्याची आई:

सगळ्यांचे मनापासून आभार, प्रत्येक ओळ मिस्टरांना वाचून दाखवली. दादा, तुमचं ऐकून सोमवारी हाफ डे टाकला आणि तिला घेऊन ८.३५ ला निघाले. १० मिनिटांचा रस्ता १७ मिनिटांचा झाला. मेडिकलच्या दुकानापर्यंत ठीक, तिथून पुढे साधारण ६० पावलं अशी आहेत की एका बाजूला गटाराचं उघडं चेंबर आणि दुसऱ्या बाजूला उभा टेम्पो, तिथे तिने माझा हात दोन्ही हातांनी धरला. परत येताना मात्र गणपतीच्या देवळामागून सोसायट्यांच्या आतला बोळ सापडला, तीन मिनिटं जास्त लागतात पण मोठी गाडी शिरतच नाही. तिथे दोन आज्या नातवंडांना घेऊन चाललेल्या, त्यांच्याकडूनच कळला.

सुटायच्या वेळी गेटवर उभी राहिले. शिपाईकाका प्रत्येकाचं कार्ड बघत होते, एका आजोबांकडे कार्ड नव्हतं तर त्यांना बसवून घेतलं आणि आईला फोन लावला. आजोबा चिडले, तरी सोडलं नाही. टाकीचं विचारलं तर गच्चीवर नेऊन दाखवली. सखी सावित्री समितीची फाइल मात्र सापडली नाही, ऑफिसमधल्या बाई पुढच्या आठवड्यात या म्हणाल्या, मी जाणार आहे.

आनंदनगरच्या शाळेत बसचा रूट लेखी मागितला, तर ॲडमिशन झाल्यावर कळवू म्हणाले. चौथीपर्यंत जवळची शाळा हे आता घरात ठरल्यात जमा आहे, सासूबाईही तयार आहेत. सकाळी मी सोडून पुढे ऑफिसला जाईन. दुपारी आणायचा प्रश्न आहे, त्या देवळामागच्या बोळाने येणारं कुणी इथे असेल तर मेसेज करा, आपण पाळी लावू. आणि त्या उघड्या चेंबरसाठी महापालिकेच्या ॲपवर फोटो टाकलाय, तुम्हीही तिथलाच फोटो टाकलात तर बरं होईल, जूनच्या आत झाकण बसायला हवं.