मदत हवी आहे: एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) लायसन्ससाठी बी१.१ की बी२?

धाकट्या बहिणीला विमान देखभालीत जायचंय (पायलट नाही, नातेवाईक तेच विचारतात). बारावी झाली, फिजिक्स-मॅथ्स होतं. डीजीसीएच्या (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक) यादीतून सीएआर-१४७, म्हणजे हे प्रशिक्षण द्यायची मान्यता असलेल्या संस्था काढल्या, काहींना फोन केले. सगळे प्लेसमेंटचंच बोलतात. लायसन्सची मॉड्यूल्स (परीक्षेचे पेपर) किती मुलं पास होतात, ते कुणी सांगेना. बी१.१ म्हणजे टर्बाइन इंजिन आणि सांगाडा, बी२ म्हणजे एव्हिऑनिक्स (विमानातलं इलेक्ट्रॉनिक्स), इतपत कळलंय. तिचा ओढा इलेक्ट्रॉनिक्सकडे. काही ठिकाणी सोबत बीएस्सी मिळते, पण फी बरीच वाढते आणि आम्ही कर्ज काढणार आहोत. देखभालीनंतर विमान उड्डाणासाठी सोडताना सही करायला लायसन्सच लागतं, पदवी नव्हे, हे माहीत आहे. एजंटांचे नंबर कृपया नकोत. मुंबई किंवा नागपूरच्या एमआरओत (विमान देखभाल-दुरुस्ती केंद्रात) असणाऱ्यांनी सांगावं: बी२च्या फ्रेशरला ट्रेनी म्हणून घेतात का, आणि त्या बीएस्सीचा पुढे खरंच उपयोग होतो का?