प्रति: विमानतळ झालं, आता पायलटची नोकरी पक्की?
वर कुणीतरी म्हटलंय की उलव्याचं नवी मुंबई विमानतळ सुरू झालं, आता पोरांना पायलट करा, नोकरी पक्की. थोडं थांबा हो. ऑर्डरी खऱ्या आहेत, २०२३ मध्ये एअर इंडियाने ४७० आणि इंडिगोने ५०० विमानं मागवली, पण ती येणार वर्षानुवर्षं हळूहळू, आणि २०० तास उडवून सीपीएल, म्हणजे व्यावसायिक पायलटचं लायसन्स, हातात आलं तरी एअरबस नाहीतर बोइंगचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या-त्या विमानाचं खास प्रशिक्षण, वेगळं, त्याचा खर्च बऱ्याचदा घरूनच, मग भरती निघेपर्यंत वाट बघा. आमच्या खारघरच्या सोसायटीतला एक मुलगा असाच बसलाय, आईवडिलांनी फ्लॅट गहाण टाकलाय, बघवत नाही. कळकळीने सांगतो, फी भरायच्या आधी डीजीसीएचं (विमान वाहतुकीवर देखरेख करणारं सरकारी खातं) क्लास १ मेडिकल, म्हणजे पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी, करून घ्या, तिथे अडकलं तर निदान कर्ज तरी डोक्यावर नसेल.